सी. रामचंद्र

रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र (१२ जानेवारी, १९१८ : पुणतांबा, अहमदनगर जिल्हा, महाराष्ट्र - ५ जानेवारी, १९८२ : मुंबई) हे हिंदी व मराठी चित्रपटांचे संगीतकार, गायक, अभिनेते आणि चित्रपट-निर्माते होते. चित्रपटसृष्टीत ते अण्णा या नावाने ओळखले जात. गायक म्हणून त्यांनी चितळकर हे नाव वापरले. राम चितळकर, अण्णासाहेब आणि श्यामू या नावांनीही त्यांनी काही चित्रपटांना संगीत दिले.

रागदारीचे शिक्षण घेतलेल्या या मराठी संगीतकाराने १९४० व १९५० च्या दशकांत गिटार, सॅक्सोफोन, ट्रंपेट, क्लॅरिनेट, बोंगो ही वाद्ये आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीताची लय हिंदी चित्रपटगीतांत रुळवली. त्याच काळात त्यांनी 'अनारकली' आणि 'आझाद' यांसारख्या चित्रपटांसाठी रागांवर आधारलेल्या चालीही बांधल्या. एकल स्वररेषेवर उभे असलेले भारतीय संगीत आणि एकाच वेळी अनेक स्वर वाजवणारे पाश्चात्त्य संगीत यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत वारंवार समोर येतो.

बालपण व संगीतशिक्षण

गोदावरीकाठचे पुणतांबा हे चांगदेवांच्या समाधीसाठी प्रसिद्ध असलेले गाव रामचंद्रांचे जन्मस्थान होय. संगीताचे आरंभीचे शिक्षण त्यांनी नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे घेतले. पुढे नामवंत गायक झालेले वसंतराव देशपांडे हेही सप्रे यांचेच शिष्य होते. त्यानंतर पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकराव पटवर्धन यांच्याकडे रामचंद्रांनी तालीम घेतली. विनायकराव हे विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिष्य आणि ग्वाल्हेर घराण्याचे गायक होते. त्यांनी १९३२ मध्ये पुण्यात हे विद्यालय सुरू केले होते.

या परंपरेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यासमोर तंबोऱ्याचा अखंड षड्ज असतो आणि त्याच्या आधाराने एका वेळी एकच स्वर गायचा असतो. आरोह-अवरोह, वर्ज्य स्वर, वादी-संवादी, बंदिशीचा मुखडा आणि समेवर येण्याची शिस्त हे या शिक्षणाचे मुख्य भाग होत. रामचंद्रांच्या पुढील सर्व संगीताचा पाया याच शिक्षणाने घातला. त्यांच्या अत्यंत उडत्या चालींतही मुखड्याची बांधणी घट्ट राहिली आणि गीत कोणालाही सहज गुणगुणता येईल असे राहिले.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

चित्रपटसृष्टीत रामचंद्र प्रथम अभिनेते म्हणून आले. 'नागानंद' (१९३५) या चित्रपटात त्यांनी नायकाची भूमिका केली; परंतु त्या चित्रपटाला यश मिळाले नाही. त्यानंतर सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोन या संस्थेच्या 'सईद-ए-हवस' व 'आत्मतरंग' या चित्रपटांत त्यांनी किरकोळ भूमिका केल्या. अभिनयात जम बसत नसल्याने ते त्याच संस्थेच्या संगीत विभागात गेले आणि बुंदू खाँ व हबीब खाँ या संगीतकारांचे हार्मोनियमवादक साथीदार झाले.

हार्मोनियमच्या पट्ट्यांवर एकाच वेळी अनेक बोटे ठेवता येतात, मात्र रागदारीच्या साथीत ते टाळले जाते. तरीही चाल बसवणे, वादकांना ती समजावून देणे आणि गायकाकडून घोटून घेणे ही संगीतकाराची नित्याची कामे रामचंद्रांना या नोकरीतूनच प्रत्यक्ष शिकता आली.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांना पहिली संधी 'जयक्कोडी' व 'वनमोहिनी' या तमिळ चित्रपटांनी दिली. त्यांचे दिग्दर्शक भगवान आभाजी पालव, म्हणजेच भगवानदादा, हे रामचंद्रांचे निकटचे मित्र होते. भगवानदादांच्याच 'सुखी जीवन' (१९४२) या चित्रपटाने त्यांचे हिंदीतील काम सुरू झाले. पुढील दहा वर्षे या दोघांची जोडी टिकून राहिली आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात ती लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचली.

पाश्चात्त्य संगीताचा परिचय

अमेरिकन क्लॅरिनेटवादक व वाद्यवृंदप्रमुख बेनी गुडमन यांच्या संगीताचा रामचंद्रांवर मोठा प्रभाव होता. १९३० च्या दशकात गुडमन यांनी लोकप्रिय केलेली स्विंग शैली ध्वनिमुद्रिकांवरून जगभर पोहोचली होती. मुंबईतही तेव्हा ताजमहाल हॉटेलसारख्या ठिकाणी जॅझ वाजवणारे वाद्यवृंद नियमित कार्यक्रम करीत असत. या वाद्यवृंदांत आफ्रिकी-अमेरिकन, अँग्लो-इंडियन आणि मोठ्या संख्येने गोमंतकीय वादक होते.

गोव्यातील पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी, समूहगायन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळत असे. त्यामुळे कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवणारे वादक गोव्यातून मुंबईत येत. रात्री हॉटेलांत नृत्यसंगीत आणि दिवसा चित्रपटांचे ध्वनिमुद्रण असा त्यांतील अनेकांचा दिनक्रम होता. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात अशा वादकांना महत्त्वाचे स्थान होते.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव चिक चॉकलेट यांचे होय. त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ असून ते बार्देशातील हळदोणे गावचे होते. ट्रंपेटवादनामुळे त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. त्यांनी रामचंद्रांचे सहायक म्हणून काम केले आणि 'अलबेला'मधील एका नृत्यगीतात ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. जॉन गोम्स हे रामचंद्रांचे दुसरे गोमंतकीय सहकारी होते.

कामाची विभागणी साधारणपणे ठरलेली असे. संगीतकार चाल गाऊन अथवा हार्मोनियमवर वाजवून दाखवीत. सहायक ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेत. मग व्हायोलिन, ट्रंपेट, गिटार, बेस यांनी काय वाजवायचे ते लिहून काढले जाई. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र बहुधा संगीतकाराचेच नाव ठळकपणे येई. त्या काळातील चित्रपटसंगीतात स्वरसंवादाची जी बाजू ऐकू येते, तिच्यातील बराच वाटा या सहायकांचा व वादकांचा आहे.

गिटार, कॉर्ड आणि रागस्वर

स्विंग शैलीत गिटारचे काम मुख्यतः लय धरण्याचे असते. गिटारवादक प्रत्येक ठोक्यावर कॉर्ड छेडतो आणि चाल गायक किंवा फुंकवाद्ये पुढे नेतात. रामचंद्रांनी ऑल्टो सॅक्सोफोन, गिटार आणि हार्मोनिका यांचा एकत्रित उपयोग केला. या वाद्यमेळामुळे गीताला ठेका आणि हार्मनी म्हणजे स्वरसंवाद यांचा आधार एकाच वेळी मिळाला.

तीन किंवा अधिक स्वर एकत्र वाजवले की कॉर्ड होते. षड्ज, शुद्ध गंधार व पंचम हे स्वर एकत्र घेतले तर मेजर कॉर्ड आणि त्यात शुद्ध गंधाराऐवजी कोमल गंधार घेतला तर मायनर कॉर्ड तयार होते. ए हा षड्ज मानल्यास ए, सी व ई या स्वरांची ए मायनर कॉर्ड मिळते. साधारणतः कॉर्डचा मूळ स्वरच सर्वांत खाली, म्हणजे मंद्रात वाजतो. मूळ स्वराऐवजी दुसरा एखादा स्वर मंद्रात ठेवायचा असेल तर कॉर्डच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन तो स्वर लिहितात. अशा कॉर्डला स्लॅश कॉर्ड म्हणतात. ए मायनर/सी म्हणजे ए मायनर कॉर्ड आणि तिच्या तळाशी सी हा स्वर.

गिटारच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावलेल्या असतात. ए मायनर वाजवताना पाचवी तार मोकळी ठेवली की मंद्रात मूळ स्वर ए मिळतो. त्याच कॉर्डखाली सहावी तार मोकळी वाजवली तर ए मायनर/ई, पाचव्या तारेचा तिसरा पडदा दाबला तर ए मायनर/सी, आणि सहाव्या तारेचा तिसरा पडदा दाबला तर ए मायनर/जी तयार होते. यांपैकी ई व सी हे मूळ कॉर्डमधलेच स्वर आहेत. जी मात्र बाहेरचा आहे. ए षड्ज मानल्यास तो कोमल निषाद ठरतो. वरची कॉर्ड कायम ठेवून मंद्रातील स्वर एकेक पायरी उतरवला, म्हणजे ए, जी, एफ शार्प असा क्रम घेतला, तर हात फारसा न हलवता गीताखालून दुसरी स्वररेषा सरकत जाते. सर्गमच्या भाषेत हा क्रम षड्ज, कोमल निषाद, शुद्ध धैवत असा होतो.

रागावर आधारलेल्या चालीला कॉर्डची साथ देताना मुख्य अडचण वर्ज्य स्वरांची असते. चाल रागात असली तरी तिच्याखालची कॉर्ड रागात नसलेला स्वर आणू शकते आणि त्यामुळे रागाचे रूप पुसट होते. रामचंद्रांनी हाताळलेल्या रागांवरून ही अडचण स्पष्ट होते. भीमपलासीत गंधार व निषाद कोमल असतात, धैवत शुद्ध असतो आणि पंचमाला स्थान असते. म्हणून षड्जावरची मायनर कॉर्ड या रागात बसते. मंद्रातील षड्ज, कोमल निषाद, शुद्ध धैवत हा वर सांगितलेला उतारही रागाच्या स्वरांतच राहतो. त्याच ओघात पुढे कोमल धैवत घेतला तर मात्र रागाबाहेर पाऊल पडते.

मालकंसाची स्थिती वेगळी आहे. या रागात पंचम व ऋषभ वर्ज्य असल्याने षड्जावरची मायनर कॉर्ड पंचमामुळे खटकते. परंतु मध्यम, कोमल धैवत व षड्ज हे तीनही स्वर मालकंसातील असून त्यांची मध्यमावर मायनर कॉर्ड होते. तिच्या तळाशी षड्ज कायम ठेवला तर ए षड्जाच्या हिशेबाने डी मायनर/ए ही स्लॅश कॉर्ड मिळते. मालकंसासाठी तंबोरा मध्यम व षड्जावर लावतात. या कॉर्डमध्ये तेच दोन स्वर आधाराला असतात. गिटारवर डी मायनर धरून पाचवी तार मोकळी सोडली की ती वाजते.

स्लॅश कॉर्डचे तत्त्व भारतीय कानाला अगदी परके नाही, हे यावरून लक्षात येते. तंबोऱ्याचा षड्ज खाली स्थिर असतो आणि वर रागाचे वेगवेगळे स्वर येत-जात असतात. कॉर्ड बदलत असताना मंद्रात षड्ज तसाच ठेवणे हे त्याचेच दुसरे रूप होय. रामचंद्रांची गीते गिटारवर बसवणाऱ्या विद्यार्थ्याने कॉर्ड निवडण्यापूर्वी चालीचा राग व त्याचे वर्ज्य स्वर ओळखणे त्यामुळे आवश्यक ठरते.

'शहनाई' ते 'अलबेला'

फिल्मिस्तानच्या 'शहनाई' (१९४७) या चित्रपटाने रामचंद्रांना देशभर प्रसिद्धी मिळवून दिली. प्यारेलाल संतोषी हे त्याचे दिग्दर्शक व गीतकार होते. त्यातील 'आना मेरी जान संडे के संडे' हे विनोदी गीत शमशाद बेगम व चितळकर यांच्या आवाजात गाजले. या गीतात शिट्टीचा वापर केलेला होता. इंग्रजी शब्दांची सरमिसळ आणि थट्टेखोर चाल यांमुळे ते उथळ मानणारे लोक होते. श्रोत्यांनी मात्र ते उचलून धरले आणि असे गीत हा हिंदी चित्रपटाचा एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला.

'पतंगा' (१९४९) या चित्रपटात शमशाद बेगम व चितळकर यांचेच 'मेरे पिया गये रंगून' हे गीत आले. रंगूनला गेलेला पती आणि देहरादूनमधील पत्नी यांच्या दूरध्वनीवरील संवादाचे हे गीत राजेंद्र कृष्ण यांनी लिहिले होते. 'समाधी' (१९५०) मधील लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांच्या 'गोरे गोरे' या गीताची चाल 'डॉल फेस' (१९४५) या अमेरिकन चित्रपटात कार्मेन मिरांडा यांनी गायलेल्या गीतावर आधारलेली आहे. परदेशी चाली उचलल्याचा आक्षेप रामचंद्रांवर घेतला जातो, तो अशा गीतांमुळे. मात्र त्यांच्या एकूण कामात अशा चालींचे प्रमाण कमी आहे.

'अलबेला' (१९५१) हा त्यांच्या पाश्चात्त्य शैलीच्या संगीताचा सर्वांत परिचित नमुना आहे. भगवानदादा हे त्याचे निर्माते, दिग्दर्शक व नायक होते आणि गीता बाली नायिका होत्या. 'शोला जो भडके' या गीतासाठी रामचंद्रांनी बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांचा वापर केला. भगवानदादांच्या मोजक्या हालचालींचा नाच या गीतांमुळे घरोघरी पोहोचला आणि लग्नाच्या वरातींपासून गणेशोत्सवाच्या मिरवणुकींपर्यंत त्याची नक्कल होत राहिली. त्याच चित्रपटातील 'धीरे से आजा री' हे अंगाईगीत पिलू रागाच्या अंगाने जाणारे आहे. नृत्यगीतांच्या गदारोळात ठेवलेली ही शांत चाल संगीतकाराचा आवाका दाखवते.

रागाधारित रचना

'अनारकली' (१९५३) या चित्रपटाचे संगीत प्रारंभी वसंत प्रकाश यांच्याकडे होते. पुढे ते काम रामचंद्रांकडे आले. वसंत प्रकाश यांचे एक गीत चित्रपटात कायम राहिले. लता मंगेशकर यांनी गायलेले 'ये जिंदगी उसी की है' हे भीमपलासीवर आधारलेले गीत या चित्रपटाची ओळख ठरले. उडत्या गीतांचा संगीतकार अशी आपली झालेली प्रतिमा रामचंद्रांनी या चित्रपटाने पुसून काढली.

'आझाद' (१९५५) या चित्रपटाची कथा त्यांच्या कामाच्या वेगाविषयी सांगितली जाते. निर्माते-दिग्दर्शक एस. एम. श्रीरामुलू नायडू यांना सर्व गीते महिनाभरात हवी होती. नौशाद यांनी इतक्या घाईत काम करण्यास नकार दिल्यावर ते रामचंद्रांकडे आले आणि रामचंद्रांनी ती मुदत पाळली. घाईत तयार झालेल्या या संगीतात बागेश्री रागावर आधारलेले राधाकृष्णाच्या विषयाचे गीतही आहे आणि 'कितना हसीन है मौसम' हे लता मंगेशकर व चितळकर यांचे युगुलगीतही आहे.

या काळात लता मंगेशकर या त्यांच्या प्रमुख गायिका होत्या. हळुवार, मंद स्वरात गायची अनेक गीते त्यांनी लताबाईंच्या आवाजासाठी बांधली. तलत महमूद यांच्याकडून त्यांनी 'परछाईं' (१९५२) मध्ये आणि कवी प्रदीप यांच्याकडून 'नास्तिक' (१९५४) मध्ये गाऊन घेतले.

'आशा' आणि 'नवरंग'

'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका' हे गीत रॉक अँड रोल शैलीतील आरंभीच्या हिंदी गीतांपैकी एक होय. ते किशोर कुमार आणि आशा भोसले यांच्या आवाजांत स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित झाले. मुलांच्या खेळातील निरर्थक शब्दांवरून मुखडा सुचला आणि त्यात जॉन गोम्स यांनी मला नको या अर्थाचे कोंकणी शब्द भरले, असे सांगितले जाते. एका मराठी संगीतकाराच्या हिंदी गीतात कोंकणी शब्द येणे हे त्या काळच्या मुंबईतील वादकवर्गाच्या घडणीचे बोलके उदाहरण आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस लता मंगेशकर व रामचंद्र यांचे एकत्र काम थांबले. त्यानंतरच्या व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग' (१९५९) या चित्रपटात त्यांनी आशा भोसले व महेंद्र कपूर यांच्याकडून गाऊन घेतले. भरत व्यास यांनी लिहिलेले 'आधा है चंद्रमा' हे मालकंसावर आधारलेले युगुलगीत त्यातील विशेष गाजलेले गीत होय. शांताराम यांच्याच 'स्त्री' (१९६१) या चित्रपटाचे संगीतही रामचंद्रांचे होते. मात्र १९६० च्या दशकात नवे संगीतकार पुढे आले, वाद्यवृंद मोठे झाले आणि रामचंद्रांकडे येणारे हिंदी चित्रपट कमी होत गेले.

'ऐ मेरे वतन के लोगों'

१९६२ च्या भारत-चीन युद्धात वीरमरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कवी प्रदीप यांनी लिहिलेल्या गीताला रामचंद्रांनी चाल दिली. २७ जानेवारी १९६३ रोजी नवी दिल्लीत राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन व पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत लता मंगेशकर यांनी ते गायले. दीर्घ खंडानंतर संगीतकार व गायिका या गीताच्या निमित्ताने पुन्हा एकत्र आले. हे गीत कोणत्याही चित्रपटातील नाही. तरी स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताकदिनी ते आजही शाळा-शाळांतून वाजते. त्याची चाल संथ असून शब्द स्पष्ट ऐकू यावेत याकडे तिचा कल आहे. ज्या संगीतकाराला उथळ चालींबद्दल दोष दिला गेला, त्याचेच हे गीत देशातील शोकाचे व कृतज्ञतेचे सार्वजनिक गीत झाले.

मराठीतील कार्य

ग. दि. माडगूळकर यांनी कृष्णचरित्रावर रचलेल्या 'गीतगोपाल' या गीतमालिकेला रामचंद्रांनी चाली दिल्या. त्यांनी 'धनंजय' (१९६६) व 'घरकुल' (१९७०) या मराठी चित्रपटांची निर्मिती केली. दोन्ही चित्रपटांना संगीत दिले आणि त्यांत भूमिकाही केल्या. 'घरकुल'मधील 'पप्पा सांगा कुणाचे' हे बालगीत मराठी घरांत दीर्घकाळ गायले गेले. त्याच चित्रपटातील सुरेश भट यांच्या रचनेला दिलेली 'मलमली तारुण्य माझे' ही आशा भोसले यांच्या आवाजातील चाल त्यांच्या उत्तम मराठी रचनांत गणली जाते.

१९७७ मध्ये त्यांचे 'माझ्या जीवनाची सरगम' हे मराठी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. चित्रपटसृष्टीतील अनुभव त्यांनी त्यात मोकळेपणाने मांडल्याने ते चर्चेचा विषय झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

गायक म्हणून

चितळकर या नावाने रामचंद्रांनी प्रामुख्याने स्वतःच्याच चाली गायल्या. त्यांच्या गायनात अलंकरण कमी आणि बोलण्याच्या जवळ जाणारी शब्दफेक अधिक असे. त्यामुळे 'अलबेला'त तो आवाज भगवानदादांना शोभून दिसला आणि 'आझाद'मधील युगुलगीतात संयत प्रणयालाही तो पुरेसा ठरला.

मूल्यमापन

रामचंद्रांच्या आधीही हिंदी चित्रपटांत पाश्चात्त्य वाद्ये वाजत होती. रामचंद्रांनी त्यांना केवळ शोभेचे स्थान न देता ठेका, मंद्रातील आधार आणि कॉर्ड यांसह गीताच्या रचनेतच सामावून घेतले. पुढे शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर आणि राहुल देव बर्मन यांच्या संगीतात गिटार व स्वरसंवादाचा जो विस्तार झाला, त्याची पूर्वतयारी १९४७ ते १९५७ या दशकातील त्यांच्या गीतांत दिसते.

त्यांच्या कार्यातील मर्यादाही नोंदवल्या जातात. काही चाली परदेशी गीतांवरून घेतलेल्या आहेत. वाद्यवृंदाची मांडणी करणाऱ्या सहायकांचे श्रेय त्या काळच्या प्रथेमुळे अंधारात राहिले, त्यामुळे कोणती कल्पना संगीतकाराची आणि कोणती वादकाची हे आज वेगळे करणे अवघड आहे. तरीही भीमपलासीतील विरहगीत आणि बोंगोवरचे नृत्यगीत एकाच संगीतकाराने सारख्याच सहजतेने दिल्याची उदाहरणे हिंदी चित्रपटसंगीतात थोडी आहेत. विनायकरावांकडे शिकलेला षड्ज सोडून न देता त्यावर गोमंतकीय वादकांच्या साथीने कॉर्ड उभी करणे, हे रामचंद्रांच्या संगीताचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

निवडक चित्रपट

* सुखी जीवन (१९४२)
* शहनाई (१९४७)
* साजन (१९४७)
* नदिया के पार (१९४८)
* खिडकी (१९४८)
* पतंगा (१९४९)
* समाधी (१९५०)
* सरगम (१९५०)
* अलबेला (१९५१)
* परछाईं (१९५२)
* शिन शिनाकी बूबला बू (१९५२)
* अनारकली (१९५३)
* नास्तिक (१९५४)
* आझाद (१९५५)
* इन्सानियत (१९५५)
* आशा (१९५७)
* अमरदीप (१९५८)
* नवरंग (१९५९)
* पैगाम (१९५९)
* स्त्री (१९६१)
* धनंजय (१९६६, मराठी)
* घरकुल (१९७०, मराठी)